जादूची दुनिया लिहिताना आधी किंमत ठरवा, चमत्कार नंतर

चार वर्षांपूर्वी मी एक फँटसी कादंबरी लिहायला घेतली होती. सात राज्यं, अकरा पिढ्यांची वंशावळ, मोठ्या ड्रॉइंग पेपरवर रंगीत नकाशा, सगळ्या नद्यांना नावं, आकाशात तीन चंद्र, म्हणजे काही काही कमी ठेवलं नव्हतं. पहिली ४० पानं भाचीला दिली वाचायला, ती तेव्हा सातवीत होती, पुस्तक हातात आलं की जेवायचं विसरणारी पोरगी, आणि तिनं ते सहाव्या पानावर मिटून ठेवलं आणि मला म्हणाली, "मावशी, पण ही माणसं जेवतात काय गं? आणि राजाकडे एवढी जादू आहे तर त्या शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी का नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खूप लागलं मला ते, दोन दिवस लॅपटॉप उघडला नाही, पण प्रश्न बरोबरच होता. नंतर आम्ही चार-पाच जण दर शनिवारी कोथरूडला एकीच्या घरी जमून एकमेकांच्या गोष्टी मोठ्यांदा वाचायला लागलो, त्यात निम्म्या तरी भुताखेतांच्या नाहीतर जादूच्या असतात, आणि इतक्या गोष्टी ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. वाचक जादू बघायला आत येतो खरा, पण बसून राहतो तो त्या जादूची झळ कुणाला लागते ते बघायला. ज्या गोष्टीत झळ नाही तिथे पाचव्या मिनिटाला लोक मोबाईल बघायला लागतात, चंद्र तीन असोत नाहीतर तेरा.

तर करायचं काय? मी जसं करते तसं सांगते.

सगळ्यात आधी जादूकडे पाण्यासारखं बघा. पुण्यात राहणाऱ्याला हे सोपं जाईल. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या दगडी नळानं पाणी शहरात आणलं, ते हौदांमध्ये पडायचं, वाटेत त्या नळाला हवा खेळती राहावी म्हणून वर उघडणारी भोकं होती त्यांना उच्छ्वास म्हणतात (किती सुंदर शब्द आहे हा, जमिनीखालून पाणी चाललंय आणि मधेमधे श्वास सोडतंय). आता ज्यानं आयुष्यात कधी नळ बघितला नाही त्याला हे पाणी जादूच वाटेल. पण गोष्ट कुठे आहे? वाड्यातल्या हौदात पाणी थेट येतं आणि बाकीच्यांनी सार्वजनिक हौदावर घागर घेऊन जायचं, गाळ काढायला खाली कोण उतरतं, तलाव आटला की आधी कुणाचं पाणी बंद होतं, तिथे गोष्ट आहे. तुमच्या जादूला हेच प्रश्न विचारा. ती येते कुठून, कुणाच्या दारापर्यंत येते, कुणाच्या दारात येत नाही, बिघडली की दुरुस्त कोण करतं. एवढी उत्तरं वहीत लिहा. नकाशा नंतर काढा, खरंच नंतर काढा, मी सहा महिने नकाशात घालवलेत आणि त्यातलं एकही डोंगर-पठार गोष्टीत आलं नाही.

दुसरं म्हणजे नियम, आणि नियमापेक्षाही किंमत. नियम असा पाहिजे की लहान मुलाला एका वाक्यात सांगता येईल आणि तो ऐकल्या ऐकल्या त्याच्या डोक्यात "मग असं केलं तर?" सुरू होईल. आपल्याकडे याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे विक्रम आणि वेताळ. राजाला प्रेत खांद्यावरून गुपचूप न्यायचंय, बोलला की वेताळ परत झाडावर. आणि प्रश्नाचं उत्तर माहीत असून गप्प बसला तर डोक्याची शंभर शकलं. बघा, दोनच अटी, दोन्ही एकट्या घेतल्या तर साध्या, पण एकमेकींवर ठेवल्या की राजा अडकला. हुशार आहे म्हणूनच अडकला, बरं का! मठ्ठ राजा असता तर गप्प बसून आरामात पोचला असता. नियम म्हणजे पात्राचा सगळ्यात चांगला गुणच त्याच्या गळ्याशी येईल अशी रचना, हे मला त्या गोष्टीनं शिकवलं. "त्याच्याकडे खूप शक्ती होती पण वापरली की तो दमायचा" ही किंमत नाही झाली, दमते तर मीही स्वारगेटपर्यंत बसमधून उभ्यानं जाऊन.

नुसतं बोलून उपयोग नाही, म्हणून मी सध्या जी गोष्ट लिहितेय तीच फोडून दाखवते.

नारायणराव पेशव्यांचा खून शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला झाला, हा इतिहास. त्याच्या भोवती जी कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते ती म्हणजे 'ध' चा 'मा', पत्रात "धरावे" होतं ते कुणीतरी "मारावे" केलं आणि माणूस गेला. ते खरं की खोटं हा वाद बाजूला ठेवू, मला त्यातली कल्पना हवी होती. एक अक्षर बदललं आणि जग बदललं, याच्यापेक्षा मराठी जादू कुठली असणार? तर माझ्या गोष्टीतलं पुणं असं आहे की तिथे फडावरच्या, म्हणजे पेशव्यांच्या कचेरीतल्या, कारकुनानं हुकमातलं अक्षर बदललं की घटनाच बदलते. पत्र वाचणाऱ्याची फसवणूक होते असं नाही, जे लिहिलं ते होतंच. हा नियम. आणि किंमत अशी की जे अक्षर तुम्ही कागदावरून पुसलं ते तुमच्या जिभेवरूनही जातं, कायमचं.

एवढं ठरल्यावर मी पेन ठेवलं आणि घरात दिवसभर बोलताना 'ध' मोजत बसले. तुम्हीही करून बघा. दूध. औषध. अंधार. आधी. कधी. शोध. बुधवार. म्हणजे ज्या कारकुनाचा ध गेलाय त्याला आजारी बायकोसाठी औषध मागता येत नाही, बुधवार पेठेत जायचंय हे सांगता येत नाही, रात्री दिवा विझला तर अंधार झाला म्हणता येत नाही. आणि मग मला जे सापडलं त्याच्यावर सगळी गोष्ट उभी राहिली. त्याला दोन मुली आहेत, घरात एकीला सगळे थोरली म्हणतात आणि दुसरीला धाकटी. तो थोरलीला हाक मारतो. धाकटीला मारत नाही. तिला कारण माहीत नाही, तिला वाटतं बाबांना मी आवडत नाही.

मी हे शनिवारी वाचलं तेव्हा कुणी "मॅजिक सिस्टीम छान आहे" म्हणालं नाही. सगळ्यांनी विचारलं, पुढे त्या मुलीचं काय झालं? बस, हेच पाहिजे असतं.

आता इथून पुढचं काम म्हणजे परिणाम काढत जाणं, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, यात वेळ घाला. नियम एकच ठेवा पण तो घराघरात शिरू द्या. जिथे अक्षरं जातात तिथे लग्न ठरवताना काय होईल? मुलाला बघायला आलेले लोक त्याला बाराखडी म्हणायला लावतील, पत्रिका वगैरे नंतर. बड्या लोकांचं काय? ते स्वतः कशाला अक्षर बदलतील, ते एखादा कर्जात बुडालेला कारकून गाठतील, म्हणजे हुकूम फिरला मोठ्याच्या फायद्यासाठी आणि जीभ गेली गरिबाची. फडावर ४० वर्षं काढलेल्या म्हाताऱ्याकडे मोजून आठ-दहा अक्षरं उरलीयत आणि तो नातवाशी वस्तूंकडे बोट दाखवून बोलतो, नातू बरोबर ओळखतो आजोबांना काय हवंय. आणि या सगळ्यापासून वाचायला लोक काय करतील? हुकमाच्या शेवटी कुठलं अक्षर किती वेळा आलंय तो हिशेब लिहायची पद्धत पाडतील, मग तो हिशेब लिहिणारा वेगळा माणूस आला, मग त्याला लाच आली. एकदा गाडी सुरू झाली की थांबत नाही, वही भरून जाते.

हे बचावाचं मला कुठे सुचलं तर शनिवारवाड्यासमोर. दिल्ली दरवाजाला मोठाले अणकुचीदार खिळे आहेत ना, ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीला आहेत, हत्तीनं धडक मारून दार फोडू नये म्हणून. तिथे आज हत्ती नाही, लढाई नाही, पण नुसते खिळे बघून कळतं की इथल्या माणसांना भीती कशाची होती. तुमच्या दुनियेतल्या दारांना कसले खिळे आहेत ते शोधा. एक तसली वस्तू सापडली की दहा पानांचा इतिहास लिहायची गरज उरत नाही.

इतिहासावरून आठवलं, प्रस्तावनेत दोनशे वर्षांची माहिती देऊ नका प्लीज. जुन्या काळाच्या खुणा माणसांच्या बोलण्यातून आणा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. माझी आजी कुठलीही गोष्ट सांगताना "ते पुराच्या आधी हो" नाहीतर "पुरानंतर आम्ही इकडे आलो" असंच सांगायची, तिच्यासाठी काळाचे दोनच तुकडे होते. मला कुणी तो पूर समजावून सांगितला नव्हता, पण लहानपणीच कळलं होतं की काहीतरी प्रचंड घडून गेलंय. तुमच्या दुनियेतल्या आजीचा "पुराच्या आधी" कुठला, तेवढा ठरवा. आणि दोन पात्रांनी एकमेकांना दोघांनाही माहीत असलेली गोष्ट सांगत बसणं तर अजिबात नको, घरात कुणी "तुला माहितीच आहे की आपल्या शहरात अक्षरं जातात" असं बोलतं का? ते म्हणतील, "त्याच्याकडे च नाहीये, त्याला चहा हवा का विचारू नको, सरळ आणून ठेव." (पेशवाईत चहा नव्हता, माझ्या गोष्टीत तिथे चटणी आहे, पण मुद्दा कळला असेल.)

नावांबद्दल थोडं बोलायचंच आहे, कारण इथे आपण फुकट मार खातो. एल्डोरिन, झारथॉस असली नावं आमच्या ग्रुपमध्ये दर महिन्याला एकदा तरी येतात आणि माझाही पहिला राजा तसलाच होता. वाईट काय त्यात? तर त्या नावावर कुणाचा हात फिरलेला नसतो. नाव लोकांच्या तोंडात झिजलं पाहिजे. पुण्यातले देव आठवा. पासोड्या विठोबा, कारण तिथे पासोड्या, म्हणजे जाड सुती पांघरुणं, विकायला बसायचे. निवडुंग्या विठोबा, जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा. नाव ऐकलं की "का?" हा प्रश्न आपोआप येतो आणि उत्तर लगेच मिळालं नाही तरी माणूस आत खेचला जातो. गुरुवार पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ होतं, आठवड्याच्या एका साध्या वाराखाली वेताळ झोपलाय, याच्याहून चांगलं गुपित कुठल्या नकाशावर मिळणार? तर नाव ठेवताना आधी विचारा की हे नाव ठेवलं कुणी, चिडून का प्रेमानं, आणि चार पिढ्या बोलून बोलून त्याचं काय झालं.

तसंच प्राण्यांचं आणि भुतांचं. ड्रॅगन लिहा की, कुणी नाही म्हटलंय, पण तुम्हाला त्याचा वास माहितीये का? मला नाही माहीत. मला पिंपळाखालून रात्री जाताना मान वर करायची नाही हे माहीत आहे, कारण वर मुंजा असतो असं मला पाचव्या वर्षी सांगितलंय आणि ती भीती अजून मानेत आहे. आपली भुतं नीट बघितली तर प्रत्येकाला कारण आहे. मुंज झाली आणि लग्नाआधी मुलगा गेला तर मुंजा, बाळंतपणात बाई गेली तर हडळ, पाण्यात ओढतो तो गिऱ्हा, वाट चुकवतो तो चकवा. म्हणजे भूत म्हटलं की कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं आयुष्य. हे आधीच इतकं भरलेलं आहे की तुम्ही नुसतं विचारायचं, हडळीचं ते बाळ जगलं का? आता किती वर्षांचं आहे? लगेच गोष्ट सुरू.

एवढं सगळं नियम-नियम केल्यावर उलटंही सांगायला पाहिजे, कारण काही जण सगळंच समजावून टाकतात आणि मग जादू राहत नाही, वॉशिंग मशीनचं मॅन्युअल होतं. किंमत स्पष्ट सांगा. मूळ सांगू नका. सिंधुदुर्गातल्या आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे, तिथे देवाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, आणि लोक सांगतात की त्या चपला झिजतात, कारण वेतोबा रात्री गावात राखणीला फिरतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. देव कसा चालतो, कधी चालतो, कुणी पाहिलं, काही सांगितलेलं नाही, फक्त चपलेचा तळ. पण तो तळ मात्र अगदी रोजचा, तुमच्या-माझ्या चपलेसारखा. अद्भुत गोष्ट सांगताना एवढीच एक हाताला लागेल अशी वस्तू द्यायची आणि गप्प बसायचं. माझ्या गोष्टीत अक्षरं जीभ सोडून कुठे जातात हे मी कुठेच सांगितलेलं नाही. एक जण म्हणाला, "सांग ना," मी म्हटलं, "नाही."

आता शेवट कसा काढायचा, कारण इथे सगळ्यात जास्त गोष्टी पडतात. संकट टोकाला आलं आणि नायकाला अचानक नवीन शक्ती मिळाली की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचा राग मला पटतो. सुटका नियमातूनच निघायला हवी, तीही वाचकाच्या डोळ्यासमोर आधीपासून पडलेली. माझ्या गोष्टीचं सांगते. पहिला ड्राफ्ट वाचून झाल्यावर ग्रुपमधली एक जण म्हणाली, जोडाक्षराचं काय गं? 'युद्ध' मधला ध पूर्ण आहे, पण 'ध्यान' मधला अर्धा आहे, तो जातो की राहतो? मी गप्पच झाले, कारण याचा मी विचारच केला नव्हता. घरी जाऊन ठरवलं की पुसलं होतं ते पूर्ण अक्षर, त्यामुळे अर्धं जिभेवर राहतं, घोगरं निघतं पण निघतं. मग सगळी पानं परत काढली. कारकुनाच्या तोंडचा एकेक संवाद तपासला, फाइलमध्ये ध शोधून काढला आणि प्रत्येक पूर्ण ध हाकलला, "थांब जरा" चालेल, "धीर धर" चालणार नाही, "उशीर झाला" चालेल, "आधीच सांगितलं होतं" चालणार नाही. हे फार कष्टाचं काम आहे पण कराच, जी किंमत पात्र मोजतंय ती लेखकानंही थोडी मोजावी लागते, आणि वाचकाला कारण कळलं नाही तरी त्या माणसाचं बोलणं कुठेतरी तोकडं आहे हे जाणवतं.

आणि त्याच तपासणीत सापडलं की पहिल्याच सीनमध्ये धाकटी त्याला जेवायला बोलावते तेव्हा तो म्हणतो, "पान वाढू नका इतक्यात, माझी संध्या राहिलीय." मी ते असंच लिहून गेले होते, रोज संध्याकाळी संध्या करणारा माणूस, दुसरं काय म्हणणार. पण 'संध्या' मधला ध अर्धा आहे. तो माणूस रोज ते अर्धं अक्षर उच्चारत होता, माझ्याही लक्षात आलं नव्हतं. आता ते वाक्य मी मुद्दाम तसंच ठेवलंय, पुढे अजून दोनदा आणलंय, अगदी साधेपणी, कुणाचं लक्ष जाणार नाही असं. शेवटच्या पानावर तिन्हीसांजेची वेळ आहे, मुलगी अंगणात पाठमोरी बसलीय, तो दारात येऊन उभा राहतो, बराच वेळ काही बोलत नाही, आणि मग घोगऱ्या आवाजात तिला एक नवीन नाव घेऊन हाक मारतो.

भाचीला परवा वाचायला दिलं. आता ती अकरावीत आहे, क्लास असतात, वेळ नसतो, तरी रात्री पावणेबाराला फोन आला. म्हणाली, मावशी, दूध म्हणता येत नाही तर तो सकाळी गवळ्याला काय सांगतो गं? मी उद्या तो सीन लिहायला बसणार आहे.